खोकड-कोल्ह्यांपासून कोंबड्या आणि करडे राखण्याची रीत: सोलापूरच्या माळावरील पशुपालकांसाठी

रात्रीतून दोन कोंबड्या गेल्या, किंवा सकाळी करडे मोजताना एक कमी भरले, की वस्तीवरची चर्चा फार लवकर बंदुकीवर येते. कोणाकडे तरी परवान्याची बारा बोअर असते. मग काडतूस कोणते घालावे, छर्रा बारीक असावा की जाड, किती अंतरावरून बार टाकला म्हणजे जनावर तडफडत न राहता जागीच संपेल, असे प्रश्न निघतात. शेवटच्या प्रश्नामागे दया आहे हे मी मानतो, आणि ज्याला जनावराचे हाल नको वाटतात त्याच्यासाठीच हे लिहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला या प्रश्नाचे उत्तर खुराड्याच्या दारात, जाळीच्या खालच्या कडेत आणि मेलेली कोंबडी कोठे टाकली जाते या गोष्टीत शोधावे लागेल. काडतुसाच्या पेटीत ते सापडणार नाही.

काडतुसांविषयी जे सल्ले फिरत असतात त्यांतले बरेचसे ब्रिटनमधले असतात. तेथील कुरणांवर येणारा प्राणी म्हणजे लाल खोकड. त्याचे वजन पाच ते आठ किलोच्या आसपास भरते, आणि शस्त्राचा परवाना व जमीनमालकाची संमती असेल तर त्याला मारणे तेथील कायद्यात बसते. म्हणून तेथे छर्ऱ्याच्या आकाराचा बारकाईने विचार होतो. पक्ष्यांसाठीचा बारीक छर्रा कातडीखाली अडकून राहतो आणि जनावर जखमी अवस्थेत बिळात शिरून कित्येक दिवसांनी मरते. उलट फार जाड छर्रा घेतला, तर एका काडतुसात तो इतका थोडा मावतो की अंतर वाढताच छर्ऱ्यांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा पडतात आणि नेम बरोबर असूनही मर्मावर पुरेसे छर्रे बसत नाहीत. या दोहोंच्या मधला, सुमारे चार मिलिमीटरचा ‘बीबी’ किंवा पाच मिलिमीटरचा ‘एएए’ छर्रा तेथे वापरला जातो, तोही आपल्या बंदुकीतून त्याच अंतरावरच्या कागदावर बार टाकून छर्ऱ्यांचा फैलाव तपासल्यावर, आणि साधारण तीस-पस्तीस मीटरच्या आतच. हे त्या देशापुरते आणि त्या प्राण्यापुरते ठीक आहे. आपल्या माळावरचे खोकड जेमतेम दोन ते चार किलोंचे असते, त्याच्या आहारात किडे, वाळवी, उंदीर, सरडे आणि बोरे यांचा वाटा मोठा असतो, आणि त्याला मारणे आपल्याकडे गुन्हा आहे.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. गोळी घालणे हा तिचा एक प्रकार झाला. विष घालणे, फास लावणे, सापळ्यात पकडणे, जखमी करणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे हेसुद्धा शिकारच ठरते. या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यानंतर खोकड, कोल्हा आणि लांडगा हे तिन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान 25,000 रुपयांचा दंड आहे.

येथे एक गैरसमज फार रुजलेला आहे. शस्त्र अधिनियम, 1959 खाली पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळू शकतो, म्हणून पिकात किंवा खुराड्याजवळ दिसलेल्या कोणत्याही प्राण्यावर ती चालवता येते, असे अनेकजण प्रामाणिकपणे समजतात. शस्त्राचा परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची परवानगी. वन्यप्राणी मारण्याची परवानगी ही पूर्णपणे वेगळी बाब आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत ती फक्त मुख्य वन्यजीव रक्षक, तेही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तरच लेखी कारण नोंदवून देऊ शकतात. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला ठार करण्यात आले ते अशा आदेशानंतरच. कोंबडी नेणारे खोकड या तरतुदीच्या जवळपासही येत नाही.

विष आणि गावठी बाँब यांविषयी तर शंकेला जागाच ठेवू नये. मेलेल्या शेळीवर कीटकनाशक ओतले की ते कोणाच्या पोटात जाईल हे ओतणाऱ्याच्या हातात राहत नाही. घरची कुत्री, घारी, गिधाडे, मुंगूस आणि कधी शेजाऱ्याचे जनावर अशा रीतीने मरते. रानडुकरांसाठी पेरलेल्या गावठी बाँबने जबडा फुटलेला प्राणी कित्येक दिवस काही खाऊ-पिऊ न शकता मरतो, आणि तोच गोळा उद्या चरणाऱ्या गाईच्या किंवा खेळणाऱ्या मुलाच्या हाती लागू शकतो.

आधी चोर ओळखावा

उपाय ठरवण्यापूर्वी कोण येते हे नक्की करणे, या साऱ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले एवढ्यावर खोकडाला दोषी ठरवले जाते. खोकड, कोल्हा, लांडगा, गावातली मोकाट कुत्री, रानमांजर आणि मुंगूस यांची येण्याची वेळ, वाट, ताकद आणि भक्ष्य वेगवेगळे आहे, आणि एकासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्याला अडवीलच असे नाही.

खोकड मांजरापेक्षा थोडे मोठे, सडपातळ पायांचे, करड्या अंगाचे असते आणि त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. ते उघड्या गवताळ माळावर, नांगरटीत, पडीक रानात राहते. सांजवेळेपासून पहाटेपर्यंत त्याचा वावर असतो, आणि ते एकटे किंवा जोडीने हिंडते. मोकळी फिरणारी लहान कोंबडी, पिल्ले किंवा अंडी ते नेऊ शकते; मोठ्या करडाला ते हात घालत नाही. कोल्हा आठ ते अकरा किलोंच्या आसपास भरतो, उसाच्या फडात, ओढ्याकाठी आणि वेड्या बाभळीच्या दाटीत दिवस काढतो. माळशिरस, पंढरपूर, माढा या ऊसपट्ट्यात कोंबड्या आणि नवजात करडे जातात तेव्हा कोल्ह्याचा संशय घेणे योग्य आहे. लांडगा आणखी मोठा, वीस किलोंच्या आसपासचा, आणि त्याचे लक्ष मेंढ्या-शेळ्यांवर असते. तो बहुधा गळ्याला धरतो आणि शक्य झाले तर जनावर ओढून लांब नेतो.

मोकाट कुत्र्यांचे काम वेगळे दिसते. सकाळी चार-पाच शेळ्या मागच्या मांड्यांना, शेपटीला, कानांना ओरबाडलेल्या आढळल्या, काही मेलेल्या आणि काही जिवंत, आणि मांस मात्र फारसे खाल्लेले नाही, तर ते बहुतेक कुत्र्यांच्या टोळीचे काम समजावे. माझ्या मते जिल्ह्यात खोकडाच्या नावावर जमा होणारे बरेच नुकसान प्रत्यक्षात याच टोळ्या करतात. उकिरड्यावर आणि कोंबडीच्या दुकानांच्या कचऱ्यावर पोसलेली ही कुत्री वस्त्यांच्या आसपास फिरतात, माणसाला बिचकत नाहीत, आणि दिवसाही हल्ला करतात. खुराड्यातल्या पाच-सहा कोंबड्या माना चावून तेथेच टाकलेल्या असतील तर रानमांजर किंवा मुंगूस तपासावे. मुंगूस दिवसा येते आणि दोन इंचांच्या फटीतून आत शिरते.

खात्री करण्यासाठी खर्च लागत नाही. संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेल्या मातीचा किंवा राखेचा हातभर रुंद पट्टा सपाट करून ठेवावा आणि सकाळी, कोणी झाडलोट करण्यापूर्वी, ठसे पाहावेत. खोकडाचा पंजा लहान, साधारण चार सेंटिमीटर लांबीचा असतो. कोल्ह्याचा पाच-सहा, लंबगोल. लांडग्याचा त्याहून बराच मोठा. कुत्र्याचे ठसे आकाराने कसेही असू शकतात, पण बोटे पसरलेली असतात आणि चालीची रेषा वाकडी-तिकडी जाते. रानातला प्राणी बहुधा एका ओळीत, सरळ, कामापुरते चालत जातो. ठशाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढावे. सलग काही रात्रींचे ठसे पाहिले म्हणजे प्राणी कोणता हे कळतेच, शिवाय तो कोणत्या बाजूने येतो आणि कोठे थांबतो हेही कळते, आणि बंदोबस्ताचा निम्मा आराखडा तेथेच तयार होतो.

खुराडे

परसातल्या कोंबड्या संध्याकाळी बंद खुराड्यात गेल्या आणि सकाळी उजाडल्यावर बाहेर आल्या, तर खोकडाचा प्रश्न जवळजवळ संपतो. हे इतके साधे असूनही घडत नाही, याचे कारण आपल्या हवामानात आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या बंद खुराड्यात कोंबड्या धापा टाकतात, आणि म्हणून पशुपालक दार उघडे ठेवतो किंवा कोंबड्यांना झाडावर, कडब्याच्या गंजीवर बसू देतो. नेमक्या याच दिवसांत खोकडाच्या बिळात पिल्ले असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांच्या जन्माचा काळ, आणि पुढचे काही महिने नर व मादी दोघेही पिल्लांसाठी भक्ष्य आणतात. उघडे दार आणि भुकेली पिल्ले यांची गाठ उन्हाळ्यात पडते. तेव्हा खुराडे हवेशीर असणे हाच सुरक्षिततेचा पाया आहे. गुदमरणारे खुराडे कोणीही रात्रभर बंद ठेवणार नाही.

भिंती खालून दीड-दोन फूट विटांच्या किंवा दगडाच्या घ्याव्यात आणि त्यावर छतापर्यंत जाळी लावावी, म्हणजे वारा आरपार जातो. छपरावर पत्रा असेल तर त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. जाळी निवडताना बाजारात ‘कोंबडीजाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी घेऊ नये. ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, कुत्र्याला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. दातांनी ती सहज फाटते आणि गंजते. जाड तारेची, सांधे जोडलेली वेल्डमेश जाळी, चौकोन एक इंचाचा, ही योग्य निवड आहे. पिल्ले ठेवायच्या कप्प्याला अर्ध्या इंचाची घ्यावी, म्हणजे उंदीर-घुशींचाही बंदोबस्त होतो. जाळी लाकडी चौकटीला नुसत्या खिळ्यांनी न ठोकता पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी, कारण प्राणी जाळी कुरतडण्यापेक्षा तिची सुटलेली कड शोधतो.

खालची कड हा खरा कस लागण्याचा भाग. खोकड आणि कोल्हा दोघेही उत्तम उकरतात, आणि ते भिंतीला अगदी लागून उकरायला सुरुवात करतात. त्यामुळे जाळी सरळ खाली खोल गाडण्यापेक्षा ती भिंतीशी काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवून, दीड फूट रुंदीचा पदर सर्व बाजूंनी पसरावा, तो वीतभर मातीखाली दाबावा किंवा त्यावर दगडांचा थर द्यावा. प्राणी भिंतीपाशी उकरू लागतो, नखे जाळीला लागतात, आणि दीड फूट मागे सरून तेथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत खोल चर खणण्याचे कष्टही यामुळे वाचतात. काळ्या रानात मात्र उन्हाळ्यात भेगा पडून हा पदर उघडा पडतो, म्हणून तेथे दरवर्षी पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा चैत्रात तो तपासून त्यावर मुरूम टाकावा.

दाराखाली फट राहता कामा नये. काँक्रीटचा उंबरा घालून दार त्यावर टेकेल असे करावे आणि कडी दोन ठिकाणी लावावी. नुसती अडकवलेली तार कुत्रे नाकाने उचलते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास अंधारून येते, तेव्हा दार लावण्याची वेळ घड्याळावर न ठेवता मावळतीवर ठेवावी आणि ते काम घरातील एकाच माणसाकडे द्यावे. सर्वांचे काम म्हटले की ते एखाद्या लग्नाच्या किंवा वारीच्या दिवशी कोणाचेच राहत नाही.

शेळ्या, करडे आणि मेंढ्यांचा वाडा

उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते, आणि विण्याच्या दिवसांत गोठ्यात एकाच वेळी अनेक लहान करडे असतात. मोठी शेळी खोकडाला आणि बहुतेक वेळा एकट्या कोल्ह्यालाही आटोपत नाही. धोका करडांना असतो, विशेषतः पहिल्या महिन्यात. त्यांना रात्री डालग्याखाली झाकण्याची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त डालग्यावर जड दगड ठेवावा आणि डालगे उघड्यावर न ठेवता गोठ्याच्या आत ठेवावे. करडे जास्त असतील तर गोठ्याच्या एका कोपऱ्यात भिंत व जाळीचा वेगळा कप्पा करून घ्यावा.

गोठ्याभोवतीचे कुंपण निदान सहा फूट उंच असावे आणि वरचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला कलता ठेवावा, कारण कुत्री आणि लांडगा पाच फुटांची जाळी पंजे रोवून पार करू शकतात. उजनीच्या पाणलोटात आणि भीमेकाठच्या ऊसपट्ट्यात जेथे बिबट्याचा वावर आढळला आहे, तेथे केवळ उंची पुरत नाही. तेथे रात्रीचा गोठा वरूनही जाळीने किंवा पत्र्याने पूर्ण बंद असला पाहिजे.

धनगर बांधवांची अडचण वेगळी आहे. त्यांचा वाडा आज एका रानात तर चार दिवसांनी दुसऱ्या रानात बसतो, त्यामुळे पक्के कुंपण त्यांच्या कामाचे नाही, आणि सुताची वाघर, म्हणजे वाड्याभोवती लावायची जाळी, मेंढ्यांना एकत्र ठेवते पण लांडग्याला रोखत नाही. लांडगा वाघरीबाहेर फिरू लागला की मेंढ्या बिथरून एका बाजूला रेटतात, जाळी पडते आणि पांगलेली मेंढी त्याच्या हाती लागते. यासाठी वाघरीच्या बाहेर आठ-दहा पावलांवर, खुंट्यांना दोरी बांधून तिच्यावर वीतभर अंतराने लाल कापडाच्या पट्ट्या अशा सोडाव्यात की त्या लांडग्याच्या छातीच्या उंचीवर, जमिनीपासून गुडघाभर, वाऱ्यावर हलत राहतील. लांडगा अशा अनोळखी हलत्या रेषेला बिचकतो. इतर देशांतही ही युक्ती जुनी आणि परिचित आहे. तिचा परिणाम काही आठवडेच टिकतो, पण फिरत्या वाड्याला तेवढे पुरते, कारण तोवर रान बदललेले असते. कोकरे मध्यभागी डालग्यांखाली आणि माणसे दोन विरुद्ध कोपऱ्यांना झोपावीत. राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालण्याची त्यांची रीत सर्वांनी उचलावी अशी आहे, कारण कुत्र्याचा गळा वाचला तरच ते उभे राहते.

झटका कुंपण

सौर झटका मशीन आता जिल्ह्यात बहुतेक कृषी साहित्याच्या दुकानांत मिळते, आणि नीट उभारले तर ते कोल्हा, कुत्री आणि लांडगा तिघांनाही थोपवते. ते सेकंदाला साधारण एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकणारा झटका देते. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी ऊर्जा अत्यल्प असते, म्हणून प्राणी घाबरून मागे फिरतो पण दगावत नाही. घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडणे याच्याशी कोणी एकरूप समजू नये. तो गुन्हा आहे, त्याने प्राणी मरतात आणि रात्री बांधावरून चालणारी माणसेही मेली आहेत.

झटका मशीन आपल्याकडे निकामी ठरते त्याचे कारण बहुधा अर्थिंगमध्ये सापडते. प्राण्याला झटका बसण्यासाठी वीज तारेतून त्याच्या अंगात, तेथून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनच्या अर्थिंगच्या सळईकडे जावी लागते. उन्हाळ्यातला कोरडा मुरूम वीज फारशी वाहून नेत नाही, आणि मशीन टकटक करत असूनही तार निरुपयोगी होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, एकाऐवजी तीन सळया, प्रत्येक किमान तीन-चार फूट खोल आणि एकमेकींपासून सुमारे दहा फुटांवर, शक्यतो हौदाच्या किंवा ठिबकच्या ओलाव्याजवळ ठोकाव्यात. दुसरा आणि अधिक भरवशाचा, तारा आलटून-पालटून लावाव्यात: एक झटक्याची, तिच्या वरची अर्थिंगला जोडलेली, पुन्हा झटक्याची. दोन तारांमधून डोके घालणाऱ्या प्राण्याला मग जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. सर्वांत खालची तार जमिनीपासून सहा इंचांवर, पुढच्या दोन-तीन तारा साधारण तेवढ्याच अंतराने आणि वरची चार फुटांवर असावी. खालच्या तारेला गवत लागले की दाब गळतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कुंपणाखालचे गवत काढणे भाग आहे. धोक्याची पाटी मराठीत लावावी आणि शेजाऱ्यांना तोंडी सांगावे.

लुकलुकणारे दिवे, रेडिओ, फटाके यांचा उपयोग तात्पुरता असतो. प्राणी आठ-दहा दिवसांत त्यांना सरावतो. वापरायचेच तर जागा सतत बदलत राहावे आणि शेळ्या विण्याच्या दिवसांपुरते वापरावे.

वासाचे निमंत्रण

कुंपणाइतकेच महत्त्वाचे, आणि जवळजवळ फुकट होणारे, काम म्हणजे प्राण्याला वस्तीकडे यावेसे वाटेल असे काही शिल्लक न ठेवणे. शेळी व्याली की जार पडते. ती गोठ्यामागे फेकली की त्या वासाने पहिल्याच रात्री कुत्री येतात, कोल्हा येतो, आणि जारेपासून ओल्या करडापर्यंतचे अंतर थोडेच असते. जार, मेलेली करडे आणि कोंबड्यांची मर निदान तीन-चार फूट खोल पुरावी, वर चुना आणि मग माती टाकावी, आणि खड्ड्यावर बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या दगडाखाली दाबून ठेवाव्यात. पोल्ट्रीची मर ओढ्यात टाकण्याची सवय ज्या गावात आहे त्या गावात मोकाट कुत्र्यांची संख्या कधीच कमी होणार नाही. ही एकट्या शेतकऱ्याची बाब नसून ग्रामसभेत ठरावाने सोडवायची आहे. सांडलेले धान्यही झाडून घ्यावे. ते उंदरांना बोलावते, आणि उंदरांमागे खोकड येते.

वस्तीभोवती वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यात वेडी बाभूळ आणि उंच गवत काढून टाकावे. लपायला आडोसा नसेल तर कोल्हा उघड्यावरून सहसा पुढे येत नाही. तुराट्यांचे आणि कडब्याचे ढीग खुराड्याला चिकटून रचू नयेत.

राखणीसाठी पाळलेल्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची लस द्यावी. डिस्टेंपर खोकडांनाही होतो, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात कुत्री आणि खोकडे यांच्यातील रोगांवर झालेल्या संशोधनातून हा धोका समोर आलेला आहे. वस्तीवर कुत्री असली की खोकड त्या भागात दबून वावरते, एवढ्यावरच बहुतेक वेळा काम भागते. कुत्रे त्याच्या मागे सोडण्याची गरज नसते.

बांधावर बीळ असेल तर

पडीक तुकड्यात किंवा बांधावर तीन-चार तोंडांचे खोकडाचे बीळ आढळले, तर ते बुजवू नये आणि त्यात धूर करू नये. आत पिल्ले असताना तसे करणे कायद्याने शिकारच आहे, आणि हालही फार होतात. जन्मानंतर चार-पाच महिन्यांत पिल्ले स्वतंत्र होतात आणि पावसाळ्याच्या सुमारास तेथील वावर आपोआप कमी होतो. तोवर फक्त कोंबड्यांचे चरणे त्या बाजूला होऊ देऊ नये. ज्वारीच्या रानात उंदरांनी केलेले नुकसान ज्याने पाहिले आहे, त्याला अशा एका जोडीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. दारूगोळ्यावर आणि उंदराच्या औषधावर खर्च न करता ती जोडी बांधावर राहू द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

नुकसान झालेच तर

वन्यप्राण्याने शेळी, मेंढी किंवा मोठे जनावर मारल्यास राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, आणि लांडगा व कोल्हा यांचा त्या यादीत समावेश आहे. त्यासाठी मेलेले जनावर हलवू नये, ठसे तुडवू नयेत, आणि 48 तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. वन विभागाची 1926 ही मदत वाहिनीही आहे. वनकर्मचारी पंचनामा करतात आणि पशुवैद्यकीय अधिकारी मृत्यूचे कारण व जनावराची किंमत नोंदवतात. गळ्यावरच्या दातांच्या खुणा, ओढत नेल्याची रेघ आणि नाणे ठेवून काढलेले ठशाचे छायाचित्र येथे उपयोगी पडते, कारण कुत्र्यांनी केलेल्या नुकसानीला ही भरपाई लागू होत नाही आणि निर्णय पुराव्यावरच होतो. जनावरांच्या कानातले बिल्ले लावलेले असतील तर मालकी सिद्ध करणे सोपे जाते.

दिवसाढवळ्या माणसांत शिरणारा, झोकांड्या खाणारा, विनाकारण चावत सुटणारा कोल्हा, लांडगा किंवा कुत्रा पिसाळलेला समजावा. त्याच्या मागे काठ्या घेऊन धावू नये, जनावरे आत घ्यावीत आणि वन विभागाला त्वरित कळवावे. कोणाला चावा बसला, किंवा नुसता ओरखडा जरी उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी, आणि चावा खोल असेल तर जखमेभोवती द्यायच्या सीरमविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. चावलेल्या शेळी-मेंढीलाही पशुवैद्यकाकडून लस द्यावी, आणि तिचे दूध त्यांचा सल्ला मिळेपर्यंत वापरू नये.